नारूची दवंडी कोणी ऐकली?

दिवाळी अंकाच्या संपादकांचा निरोप आला, "नोकरीतलं काहीतरी रोमहर्षक लिहून द्या." माझ्या बरोबरीचे जे पेन्शनर आहेत, त्यांच्याकडे असला माल भरपूर आहे. जंगल खात्यातल्या माणसानं वाघ पाहिलेला असतो, पोलिसातल्यानं दरोडेखोर. नोकरीत दिसला नसला तरी पेन्शनीत हमखास दिसू लागतो. माझ्या वाट्याला वाघही आला नाही आणि दरोडेखोरही. माझ्या वाट्याला नारू आला. त्यामुळे ज्यांना जेवता जेवता अंक वाचायची सवय आहे, त्यांनी आधी जेवून घ्यावं.

निजामाच्या अमलात बीड जिल्ह्याच्या आरोग्याच्या कचेरीत मी पडताळणीचा कारकून होतो. पुष्कळांना वाटे, हा औषधाच्या बाटल्या मोजतो. तसं नव्हतं. त्या काळी सरकारनं रयतेला शहाणं करायचं मनावर घेतलं होतं. प्लेगात घर सोडा, पटकीत पाणी उकळा, पोरांना देवी टोचून घ्या, नारूपासून सांभाळा, हे गावोगाव सांगायचं. त्यासाठी हत्यारं तीन. भिंतीला डकवायचा इश्तिहार, पांढऱ्या चादरीवर चित्रं पाडणारा जादूचा कंदील, आणि हलगी बडवून दिलेली दवंडी. हे सगळं वाजून गाजून झालं की काही दिवसांनी मी तट्टावर बसून त्या गावात जायचो आणि विचारायचो, काय ऐकलंत, काय समजलं, आणि समजलं त्यातलं काय केलंत? लग्न लागून गेल्यावर नवरा-नवरी धड नांदतात का हे बघायला येणाऱ्या पाहुण्याला कोण पाट मांडील? माझंही तसंच होई. शाबासकी प्रचार करणाराला, आणि शिव्या मला.

या धंद्यातली एक खूण सांगून ठेवतो. तट्टावरून आलेल्या माणसानं "समजलं का?" असं विचारलं, की गाव "समजलं" म्हणतं. "तुमचं डोकं कापून नेऊ का?" विचारलं तरी "जशी मर्जी" म्हणेल. म्हणून मी "समजलं का" हा प्रश्न कधी विचारला नाही. "काय समजलं?" असं विचारायचो. तिथून पुढे खरी मौज सुरू होई.

उमापूरकडच्या एका गावाचंच घ्या. तिथं पटकीचा इश्तिहार लावला होता. इश्तिहार हैदराबादेत छापलेला, अस्सल उर्दूत, आणि उर्दू अशी की आमच्या कचेरीतल्या निम्म्या लोकांना शब्दकोश लागावा. गावात उर्दू वाचणारा एकही नाही. मी चावडीच्या भिंतीपाशी गेलो तर भिंत कोरी. पाटलाला विचारलं तर तो म्हणाला, "मुलाण्यानं नेला." मुलाण्याला बोलावलं. तो बिचारा हात बांधून उभा राहिला.

"मुन्शीजी, वर अल्लाचं नाव हाय त्यावर. चावडीच्या भितीला शेळ्या अंग घासत्यात. तिथं कसं ऱ्हाऊ द्यावं?"

"मग कुठं ठेवलास?"

"मशिदीत. वरच्या कोनाड्यात. हिरव्या फडक्यात बांधून."

"आणि नावाच्या खाली काय लिहिलंय?"

"ते न्हाई बा वाचता येत. नाव तेवढं वळखतो."

पाटील मधेच म्हणाला, "आमीबी जाता-येता हात जोडतो, मुन्शीजी. पटकीला उतार हाय त्यानं." सगळ्या जिल्ह्यात इतक्या अदबीनं ठेवलेला सरकारी कागद मी दुसरा पाहिला नाही. मी अहवालात लिहिलं, "इश्तिहार सुस्थितीत आहे." त्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

वडवणीच्या बाजारात जादूचा कंदील दाखवला होता. कंदीलवाल्याच्या पेटीत पाण्यातल्या जंतूंची चित्रं होती. पण नुसत्या जंतूंवर लोक टिकत नाहीत, म्हणून त्यानं शेवटी आपल्याकडचं आगगाडीचं एक चित्र घुसडलं. मी पुढच्या बाजाराला गेलो आणि एका म्हाताऱ्याला विचारलं, "पाण्याबद्दल काय समजलं, बाबा?" म्हातारा म्हणाला, "इंजिनाला लई पानी लागतंय."

या गमती सांगितल्या की लोक हसतात आणि म्हणतात, "खेडवळच ते!" मला मात्र आमच्या कचेरीचं हसू येई. जो सांगतो त्याला कळायला नको का, आपण कुणाला सांगतो आहोत? पण कचेरीचे मुख्य मोहतमीमसाहेब भले गृहस्थ होते. हैदराबादेहून आलेले, स्वच्छ शेरवानी, अत्तराचा शौक. मराठी त्यांना घोड्याला खरारा करणाऱ्याला सांगण्यापुरती येई. खेड्यात ते जात नसत, कारण खेड्यात धूळ फार. धूळ आमची, अक्कल त्यांची, अशी कामाची वाटणी होती.

आता नारूची गोष्ट. गावाचं नाव सांगत नाही, कारण त्यांची नातवंडं धारूरच्या बाजारात मला अजून रामराम करतात. धारूरच्या पुढे घाटाच्या कडेला गाव आहे एवढं पुरे. गावाला पाणी एका बारवेचं. बारव म्हणजे पायऱ्यांची विहीर. रहाट नाही, पोहरा नाही. पायऱ्या उतरत जायचं, घोटाभर पाण्यात उभं राहायचं आणि घागर बुडवायची. नारूला यापेक्षा चांगलं घर कोण बांधून देणार? ज्यांनी नारू पाहिला नाही ते भाग्यवान. पायाला फोड येतो, फुटतो, आणि त्यातून सुतासारखा किडा बाहेर येऊ लागतो. तो काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढायचा. घाईनं तुटला तर पाय सडतो. माणूस महिनोन्‌महिने खाटेवर, आणि तेही नेमकं पेरणीच्या तोंडावर. हा दुखरा पाय बारवेत बुडला की किड्याची पिल्लं पाण्यात जातात. ते पाणी जो न गाळता पितो, त्याच्या पायातून पुढल्या साली नारू निघतो.

तर या गावात दवंडी दोनदा दिली असा तालुक्याचा कागद आला होता, आणि नारू काही हटला नव्हता. मोहतमीमसाहेबांनी खुर्चीतल्या खुर्चीत निदान केलं. दवंडी दिलीच नाही, दवंडीवाला खोटं बोलतो. दवंडीवाला गावचा महार, सटवा. दवंडी आणि गावकीच्या इतर कामांबद्दल त्याच्याकडे हाडोळा, म्हणजे इनामाचा जमिनीचा तुकडा होता. साहेबांनी हाडोळा काढून घ्यावा अशी शिफारस लिहून तयार ठेवली आणि मला म्हणाले, "आप जाके देख आओ, फिर हम दस्तखत करते." म्हणजे फाशीचा दोर वळून झाला होता, गळा मी मोजून आणायचा होता.

गावात पोचलो. गावचे पाटील रंगराव, भारदस्त माणूस, मिशा कानापर्यंत. त्यांनी चावडीवर माणसं गोळा केली. चांगली धडधाकट, खांद्यावर घोंगडी टाकून आलेली. मी विचारलं, "नारूची दवंडी कुणी कुणी ऐकली?"

सगळे एकमेकांकडे बघू लागले. "न्हाई बा. आमी न्हाई ऐकली." एकजण, दुसरा, तिसरा, सगळे तेच. माझ्या नोकरीत पहिल्यांदाच एका गावानं मला तोंडावर "नाही" म्हटलं होतं. मला तर गहिवरूनच आलं.

पाटील म्हणाले, "सटव्या हल्ली लई आळसावलाय, मुन्शीजी. हाडोळ्याचं खातो आन् झोपतो." तो हाडोळा पाटलाच्या मळ्याला लागून होता, हे मला तिथल्या पटवाऱ्यानं आधीच सांगून ठेवलं होतं.

सटव्याला बोलावलं. तो ओट्याच्या खाली, लांब उभा राहिला. वाळका, उंच, आवाज मात्र डोंगराला धडक मारील असा.

"जोहार, मायबाप."

"दवंडी दिलीस का?"

"दिली की. दोन बारी दिली. गळा बसस्तोर वरडलो."

"मग कुणी ऐकली कशी नाही?"

"ते मला कावून इचारता, मायबाप? म्या वरडनारा. ऐकनारे तुमच्यापुढं बसलेत की."

"तोंड लई चालतंय बे तुझं!" पाटील गरजले.

"तोंडाचंच काम हाय न्हवं माझं, पाटील."

मी त्याला सांगितलं, उद्या सकाळी माझ्यादेखत दवंडी दे. त्यानं मान हलवली, पण जाता जाता दोनदा मागे वळून बघितलं. हाडोळ्यावर त्याचं सहा तोंडांचं घर चाललं होतं. खरं बोलणाऱ्या माणसालाही पुरावा नसला की भीती वाटते.

सकाळी मी चावडीच्या ओट्यावर बसलो. सटव्यानं हलगी शेकून घेतली आणि वेशीपाशी तिच्यावर काडी टाकली. कडाड् कडाड् कड. मी गावाकडे बघत होतो. आणि जे बघितलं ते आजही डोळ्यांपुढे आहे. पहिल्याच तालाला समोरच्या घरातला माणूस तोंडातला घास तसाच धरून मागच्या दारानं गेला. शेजारच्यानं कुडावरून उडी टाकली. कुणी गोठ्यातून, कुणी परसातून, काल चावडीवर बसलेली ती सगळी धडधाकट मंडळी धोतरं सावरीत ज्वारीत घुसली. बायकांनी फटाफट कवाडं लावली. सटवा गल्लीत पोचेपर्यंत गल्लीत एक कुत्रं तेवढं उरलं होतं, आणि तेही शेपूट घालून.

आणि सटवा ओरडत होता, बंद कवाडांना सांगत होता, "ऐका हो ऐका! सरकारचा हुकूम हाय! नारू झालेल्यानं बारवंत पाय घालू नये! पानी फडक्यातून गाळून प्यावं! न्हाईतर पुढल्या साली खाटंवर पडाल होऽ!"

मी उठलो तो थेट ज्वारीत. ताटं बाजूला केली तर एक तरणा गडी उकिडवा बसलेला. भीमा त्याचं नाव. काल चावडीवर पहिल्या रांगेत तोच होता.

"कावून पळालास रे?" मीही त्यांच्याच बोलीवर आलो.

"हलगी वाजली."

"मग?"

"मग काय? कुनीतरी साहेब आला आसंल. त्याचं वझं वाहा, घोड्याला गवत आना, लाकडं फोडा. मागल्या बारीला धारूरच्या घाटापस्तोर पेटारा नेलता म्या. भाकरबी कुनी दिली न्हाई. वेठीला धरत्यात, मुन्शीजी. हलगी म्हंजी वेठ, न्हाईतर वसुली. तिसरं काय आसतंय?"

"अरे, पण ही दवंडी तुझ्या भल्याची होती!"

"आसंल की. पर पळाल्यावर ती कळंल कशी?"

माझी स्वतःची पेटीसुद्धा आदल्या दिवशी कुणाच्या तरी डोक्यावरून आलीच होती. सरकारनं वर्षानुवर्षं ज्या वाद्यावर रयतेला पळायला शिकवलं, त्याच वाद्यावर आता तिला हिताच्या चार गोष्टी सांगायला सरकार निघालं होतं. पाटलांना हे ठाऊक नव्हतं असं समजू नका. न पळालेले तेवढे ते एकटेच, कारण वेठीला माणसं धरून देणारे तेच.

पण मग सटव्यानं दवंडी दिल्याचा साक्षीदार कुठून आणायचा? डोकं खाजवीत मी गल्लीतून परत येत होतो, पुढे सटवा दवंडी संपवून चालला होता, तेवढ्यात एका ओसरीवरून हाक आली, "सटवा, आज पुन्हा दिलीस व्हय रं? पाठ झालीया की मला!"

ओसरीवर खाट, खाटेवर गाव जिला गोदाकाकू म्हणे ती बाई. पाय उशीवर ठेवलेला, घोट्यापाशी काडी बांधलेली. मी पायरीवरच बसलो.

"काकू, तुम्ही दवंडी ऐकली?"

"ऐकू न्हाई तर काय करू? मला पळता येतंय का? समदे पळाले आन् मी हितं. तिन्ही बाऱ्याला ऐकली." आणि तिनं सटव्याच्या हेलासकट सगळी दवंडी म्हणून दाखवली. "फडक्यातून गाळून प्यावं म्हनं! आता सांगतोय मुडदा. निम्मा किडा भाईर आलाय माझा."

मग मी घरोघर फिरलो. जिथं जिथं खाट होती, तिथं तिथं दवंडी तोंडपाठ होती. एका लंगड्या सुतारानं तर मला तिच्यातली एक ओळ चुकली म्हणून टोकलं. चावडीवर पाटलांनी जमवली होती ती चालता येणारी माणसं. ज्याला चालता येतं त्याला पळताही येतं, आणि जो पळाला त्यानं ऐकलं नाही. ज्यांनी ऐकलं होतं त्यांना चावडीपर्यंत येताच येत नव्हतं. नारूची दवंडी गावात नीट पोचली होती, पण ज्यांना नारू झालाय त्यांच्यापुरतीच.

मला इतका आनंद झाला की मी सटव्याला गाठायला त्याच्या वस्तीपर्यंत चालत गेलो. सटवा निर्दोष होता, आणि मला ते सिद्ध करता येत होतं. वस्तीत गेल्यावर सवयीनं विचारलं, "इकडे नारूचे किती?"

"एकबी न्हाई, मायबाप."

"एकही नाही? कसं काय?"

सटव्यानं माझ्याकडे, लहान मुलाकडे बघावं तसं बघितलं. "आमाला बारवंची पायरी उतरू देत न्हाईत न्हवं. आमी वढ्याच्या वाळूत झिरा खनतो. वाटीवाटीनं भरावं लागतंय, दिस जातो त्यात."

म्हणजे बारवेत पाय घालू नये हा सरकारी हुकूम सबंध गावात एकच वस्ती तंतोतंत पाळत होती, आणि तो हुकूम निघायच्या कितीतरी पिढ्या आधीपासून. ज्याला पायरीला शिवू देत नाहीत, त्यानंच गळा फोडून गावाला सांगायचं की पायरी उतरू नका. मला लाज वाटली. ती अहवालाच्या कुठल्या रकान्यात लिहावी हे मला कळलं नाही.

बीडला येऊन मी अहवाल लिहिला. माझ्या मतानं माझ्या नोकरीतला सर्वांत स्वच्छ अहवाल. साहेबांनी तो वाचला, चष्मा काढला, पुन्हा लावला. दवंडीला ते मनादी म्हणत.

"मुन्शीजी, ये आप सच लिखे? जो लोगां मनादी सुने, सब को नारू है?"

"जी हुजूर."

"और जो नहीं सुने, वो तंदुरुस्त?"

"जी, लेकिन हुजूर..."

"लेकिन-वेकिन नको जी! साफ बात है. मनादी में ही कुछ खराबी है."

मी समजावून सांगितलं. हुजूर, आधी नारू, मग ऐकणं. ऐकल्यामुळे नारू नव्हे. उलट करून सांगितलं, सुलट करून सांगितलं. टेबलावरची दौत पळणारा माणूस आणि टाक लंगडा माणूस असं मांडून दाखवलं. साहेब अत्यंत ममतेनं म्हणाले, "आप देहातके आदमी, आपके दिल में हमदर्दी बहोत है." आणि हुकूम निघाला. सटवा निर्दोष. नारूची दवंडी मात्र रयतेला अपायकारक, सबब ती बंद. आणि खबरदारी म्हणून गावची हलगी जप्त करून तहसिलीत जमा करावी.

गाढवापुढे गीता वाचली तर निदान गाढव ऐकून घेतं, हुकूम काढत नाही.

आठवड्यानं सटवा चालत बीडला आला आणि कचेरीच्या अंगणात उभा राहिला. "मायबाप, म्या खरं बोललो, तुमी खरं लिव्हलं. मग हलगी कावून नेली? पाटील म्हन्तो, हलगी न्हाई तर दवंडी न्हाई, दवंडी न्हाई तर हाडोळा कशाचा? पोरांनी दगडं खावीत व्हय?" मी पुन्हा साहेबांकडे गेलो. साहेब म्हणाले, सेहत का मामला आहे, यात ढील देता येत नाही.

सटव्याला वाचवलं ते मी नव्हे. वाचवलं वसुलीनं. सुगी झाली, शेतसारा भरायचा हुकूम आला, आणि गावात हलगी नाही. पाटलांनी शक्कल लढवली आणि जेवणाची थाळी बडवली. आमच्याकडे मुलगा झाला की थाळी वाजवतात. पाटलाला नातू झाला असं समजून अख्खं गाव गूळ खायला धावत आलं, आणि वसुलीच्या तावडीत सापडलं. पाटील खूश झाले. पण गाव एकदाच फसतं. दुसऱ्या खेपेला थाळी वाजली आणि गाव रानात. पुढे पाटलाला खरोखरच नातू झाला, तेव्हा थाळी वाजवून वाजवून चेपली, गूळ खायला कुणी फिरकलं नाही. तहसीलदारांनी वर कळवलं की हलगीविना सारा अडला आहे. सेहतीच्या मामल्यात न मिळणारी ढील साऱ्याच्या मामल्यात ताबडतोब मिळाली. हलगी परत गेली आणि हाडोळा सटव्याकडेच राहिला. पाटलांच्या मिशा काही दिवस कानापर्यंत पोचत नव्हत्या म्हणतात.

पुढल्या साली त्याच वाटेनं मी दुसऱ्या गावी चाललो होतो. वेशीपाशी सटवा हलगी शेकत बसलेला दिसला. मी तट्टू थांबवलं.

"आता नारूचं सांगत नाहीस ना रे? बंद आहे ते."

सटव्यानं इकडे तिकडे बघितलं. "सांगतो की, मायबाप. वसुलीच्या शेपटाला बांधून देतो. साहेबाला कोन सांगाया जातंय?"

"ऐकतं का कुणी?"

तो हसेल असं मला वाटलं होतं. त्यानं हलगी उलटी करून पुन्हा जाळावर धरली. "ऐकत्यात. यंदा ऐकनारे लई वाढलेत."

मी तट्टू गावात घातलं. गल्लीत गोदाकाकूची ओसरी रिकामी होती. ती बरी होऊन हिंडत होती, बारवेवर गेली होती. पण पुढच्या ओसरीवर खाट होती, त्याच्या पुढच्याही. तिसऱ्या खाटेवर भीमा होता, पाय उशीवर, घोट्याला काडी बांधलेली. मला ओळखून तो कोपरावर उठला आणि शाळेतल्या पोरानं धडा पाठ झाल्याचं मास्तरला सांगावं तसं म्हणाला,

"मुन्शीजी, ह्या बारीला ऐकली बरं का. पुरी ऐकली."